ऑस्ट्रेलियन विज्ञानपट आणि ‘रिकाम्या’ भूमीचा प्रश्न

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला विज्ञानपट आणि प्रदेश यांचा संबंध स्पष्ट करता येईल. चित्रीकरणाचे स्थळ आणि कथेचे स्थळ यांतील फरक सांगता येईल. आणि पडद्यावर दिसणारी भूमी ‘ओसाड’ आहे की ती तशी दाखवली गेली आहे, हा प्रश्न एखाद्या चित्रपटाला विचारता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रादेशिक कादंबरीत प्रदेश ही केवळ पार्श्वभूमी नसते, तो कथानकाची घडण ठरवतो, हे तुम्ही जाणता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आठवा. दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते. परंतु वाचकाला ती वाडी ‘रिकामी’ वाटत नाही. तिथे कोण राहत होते, कोणत्या झाडाखाली कोण बसत होते, हे त्याला ठाऊक झालेले असते. गेलेल्या माणसांची ओळख असली की ओसाडपणाचा अर्थ बदलतो. हे सूत्र लक्षात ठेवून आपण या घटकात एका वेगळ्याच कलाप्रकाराकडे वळणार आहोत.

विज्ञानपट म्हटला की अंतराळयान, परग्रह, यंत्रमानव अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. अशा चित्रपटांचा प्रदेशाशी काय संबंध, असे कोणासही वाटावे. भविष्यकाळाला गाव नसते. ऑस्ट्रेलियाचा विज्ञानपट मात्र या समजुतीला छेद देतो. तेथील महत्त्वाच्या विज्ञानपटांत यंत्रे थोडी आहेत आणि जमीन पुष्कळ आहे. तांबडी माती, सरळ क्षितिजापर्यंत गेलेला रस्ता, मिठागरासारखी पांढरी मैदाने आणि डोक्यावर अवाढव्य आकाश. जगाचा अंत झाल्यानंतर पृथ्वी कशी दिसेल, या प्रश्नाचे उत्तर म्हणून जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात आज जे चित्र उभे राहते, त्याचा मोठा भाग या देशाने पुरवला आहे. ही भूमी ‘जगाच्या अंतानंतरची’ म्हणून इतकी सहज का शोभली, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

‘कोणाचीही नसलेली’ जमीन

१७८८ मध्ये ब्रिटिशांनी आजच्या सिडनी येथे पहिली वसाहत स्थापन केली. त्या वेळी या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलणारे मूलनिवासी समाज राहत होते. त्यांचे तेथील वास्तव्य हजारो पिढ्यांचे होते. तरीही वसाहतीच्या कायद्याने ही भूमी जणू कोणाचीच नव्हती असे गृहीत धरले. या कल्पनेला पुढे ‘टेरा नलियस’ हे लॅटिन नाव रूढ झाले. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे रहिवासी एडी माबो आणि त्यांचे सहकारी यांनी दिलेल्या दीर्घ लढ्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने ही कल्पना फेटाळली, ती ३ जून १९९२ रोजी. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते. काही महिन्यांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते.

‘रिकामेपणा’ केवळ कायद्यात नव्हता, डोळ्यांतही होता. १८४४ साली चार्ल्स स्टर्ट हा शोधप्रवासी खंडाच्या मध्यभागी समुद्र असेल अशा आशेने बैलगाड्यांबरोबर एक होडी घेऊन निघाला. त्याला मिळाले वाळवंट. पुढे १८६१ मध्ये बर्क आणि विल्स हे दोन प्रवासी कूपर खाडीच्या काठी उपासमारीने मेले. त्याच काठावर यांद्रुवांधा समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि रानबिया खाऊन राहत होते. त्या तुकडीतला जॉन किंग हा तरुण त्यांच्याकडे गेला, त्यांनी त्याला सांभाळले आणि तो जगला. एकाच ठिकाणी एकाला मृत्यू दिसतो आणि दुसऱ्याला घर. ऑस्ट्रेलियन विज्ञानपटाचे सारे नाट्य या दोन दृष्टींच्या दरम्यान घडते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवावी. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत मंगळावरचे जीव इंग्लंडवर स्वारी करतात. पहिल्याच प्रकरणात लेखक वाचकाला बजावतो की, मंगळवासीयांना निर्दय म्हणण्यापूर्वी युरोपियनांनी टास्मानियाच्या लोकांचे काय केले ते आठवावे. (टास्मानियाचे मूलनिवासी समूळ नष्ट झाले, ही वेल्सच्या काळातील समजूत चुकीची होती, त्यांचे वंशज आजही तेथे आहेत.) म्हणजे परग्रहवासीयांच्या आक्रमणाची ही प्रसिद्ध कथा जन्मतःच ऑस्ट्रेलियाच्या भूमीशी जोडलेली आहे.

शेवटचे शहर

अमेरिकन दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘ऑन द बीच’ (१९५९) हा चित्रपट नेव्हिल शूट यांच्या १९५७ सालच्या कादंबरीवर आधारित आहे. उत्तर गोलार्धात अणुयुद्ध होऊन गेले आहे. तेथे कोणी उरलेले नाही. किरणोत्सार वाऱ्याबरोबर हळूहळू दक्षिणेकडे सरकत आहे आणि मेलबर्न हे माणसांची वस्ती असलेले जगातील शेवटचे मोठे शहर उरले आहे. माणसे कार्यालयात जातात, मोटारींच्या शर्यती लावतात, मासे पकडतात; मात्र उरलेले महिने मोजत. मध्येच अमेरिकेच्या किनाऱ्यावरून कोणीतरी तारेचे अर्थहीन संदेश पाठवीत असल्याचे कळते. पाणबुडी तेथे पोहोचते, तेव्हा खिडकीच्या पडद्याच्या दोरीत अडकलेली शीतपेयाची एक बाटली वाऱ्याने हलत संदेशयंत्राची कळ दाबत असलेली आढळते. अखेरच्या दृश्यांत मेलबर्नचे रस्ते निर्मनुष्य दिसतात.

या चित्रपटात भूगोल हाच कथानक आहे. ‘आपण जगापासून फार दूर आहोत’ ही वसाहतीतल्या लोकांची जुनी खंत येथे काही महिन्यांचे वरदान होते आणि मग तेही संपते. विनाश येतो तो उत्तरेकडून, परक्यांच्या युद्धातून. ऑस्ट्रेलियाची भूमी निष्पाप आहे.

परंतु त्या वर्षांत प्रत्यक्षात काय चालले होते? १९५२ मध्ये ब्रिटनने मॉन्टे बेलो बेटांवर आपला पहिला अणुस्फोट केला. १९५३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील एमू फील्ड येथे आणि १९५६-५७ मध्ये मारालिंगा येथे आणखी स्फोट झाले. लहान चाचण्या १९६३ पर्यंत चालू होत्या आणि प्लुटोनियम मातीत मिसळत होते. ही ठिकाणे निवडली गेली ती ‘रिकामी’ म्हणून. तेथून अनांगू लोकांच्या जुन्या वाटा जात होत्या. त्यांना सावध करण्यासाठी नेमलेले अधिकारी बोटांवर मोजण्याइतके होते आणि धोक्याच्या पाट्या ज्यांना वाचता येत नव्हत्या त्यांच्यासाठी इंग्रजीत लावलेल्या होत्या. १९५३ च्या स्फोटानंतर वस्त्यांवरून काळे धुके सरकत गेल्याची साक्ष पुढे तेथील लोकांनी दिली. १९८४-८५ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने तिची दखल घेतली. ‘मारालिंगा’ हे नावसुद्धा उत्तरेकडील एका मूलनिवासी भाषेतून उचललेले; त्याचा अर्थ गडगडाट.

म्हणजे मेलबर्नच्या रस्त्यांवर जगाच्या अंताचे चित्रीकरण चालू असताना, त्याच देशाच्या आतल्या भागात काही लोकांसाठी तो अंत येऊन गेलेला होता. ‘ऑन द बीच’ला ते दिसत नाही. चित्रपटाचा खरेपणा मी नाकारीत नाही. त्यातील शांत, सभ्य निराशा आजही अंगावर येते. परंतु ते न दिसणे हाही त्या चित्रपटाच्या अर्थाचाच एक भाग आहे.

स्वयं-अध्ययन : येथे थोडे थांबा. वरील परिच्छेद वाचण्यापूर्वी ‘ऑन द बीच’चे कथानक तुम्हांला कसे वाटले होते आणि आता कसे वाटते, हे चार-पाच वाक्यांत लिहून ठेवा.

रस्ता, मोटार आणि इंधन

जॉर्ज मिलर हे व्यवसायाने डॉक्टर. क्वीन्सलंडच्या ग्रामीण भागात ते वाढले. लांबलचक सरळ रस्ते आणि वेगाने मोटारी हाकणारी तरुण मुले त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. पुढे सिडनीच्या रुग्णालयात अपघातांत छिन्नविच्छिन्न झालेली शरीरेही पाहिली. त्यांनी आणि निर्माते बायरन केनेडी यांनी अत्यंत अल्प खर्चात ‘मॅड मॅक्स’ (१९७९) तयार केला. सहलेखक जेम्स मॅककॉसलंड हे पत्रकार होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलच्या रांगांत माणसे कशी हातघाईवर येतात, हे त्यांनी पाहिले होते.

या पहिल्या चित्रपटात वाळवंट नाही. मेलबर्नच्या आसपासची सपाट, पिवळी पडलेली गवताळ जमीन आहे. समाजही पूर्ण कोसळलेला नाही. पोलीस आहेत, न्यायालय आहे, आइस्क्रीमचे दुकान आहे. सारे फक्त उसवत चालले आहे. नायकाची काळी मोटार ही ऑस्ट्रेलियात तयार झालेली फोर्ड फाल्कन. ज्या देशात दोन गावांमध्ये दिवसभराचे अंतर असते, तेथे मोटार म्हणजे केवळ वाहन नव्हे. ती नसेल तर माणूस एकटा पडतो. त्यामुळे इंधन संपणे आणि संस्कृती संपणे या दोन गोष्टी येथे जवळजवळ एकच होतात. ही कल्पना ट्रामच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या युरोपियन शहरातून आली नसती. गंमत अशी की अमेरिकेत प्रदर्शित करताना वितरकांनी या चित्रपटाला अमेरिकन आवाज जोडले. तेथील प्रेक्षकांना ऑस्ट्रेलियन बोली कळणार नाही, अशी त्यांना भीती वाटली! जमीन चालली, बोली चालली नाही.

‘मॅड मॅक्स २’ (१९८१) साठी मिलर न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, ब्रोकन हिल या खाणगावाजवळ गेले. चांदी, शिसे आणि जस्त यांच्या खाणींवर उभे राहिलेले हे गाव. त्याच्या शेजारी सिल्व्हर्टन हे जवळजवळ ओस पडलेले जुने गाव आणि पुढे मुंडी मुंडीचे सपाट मैदान. आज जगभर ओळखले जाणारे ‘मॅड मॅक्सचे जग’ येथे तयार झाले. चामड्याचे तुकडे, जोडकाम केलेली वाहने, धुळीचे लोट आणि मध्यभागी एक तेलविहीर. या भूमीवर आडोसा नाही. पाठलाग करणारा मैलावरून दिसतो. लपता येत नसल्यामुळे नाट्य सारे वेगात येते. दिग्दर्शनाची शैली जमिनीच्या आकारातून कशी घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. (हा चित्रपट भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहणाऱ्यांनी निदान काही दृश्ये मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोय करावी, लहान चौकटीत क्षितिज उरत नाही.)

याच चित्रपटात एक रानटी मुलगा आहे. तो बोलत नाही, बिळात राहतो आणि धातूचे धारदार बूमरँग फेकतो. बूमरँग हे मूलनिवासींचे हत्यार. चित्रपटात ते हत्यार उरले आहे, ते घडवणारे लोक मात्र कोठेच नाहीत. तिसऱ्या भागात, ‘बियाँड थंडरडोम’ (१९८५) मध्ये, एका दरीत वाढलेली मुले गुहेच्या भिंतीवरील चित्रांच्या साहाय्याने आपल्या टोळीची कथा सांगतात. मौखिक परंपरा, गुहाचित्रे, पूर्वजांच्या परतण्याची वाट पाहणे हे सारे आहे. पण कथा आहे पडलेल्या विमानाची. एका संस्कृतीच्या रूपांनी पडदा भरून टाकायचा आणि त्या संस्कृतीची माणसे गाळायची, असे या मालिकेत पुन्हा पुन्हा घडते. मिलर यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. पण जुनी दृष्टी हेतूची वाट पाहत नाही. कॅमेरा उभा केला की ती आपोआप चौकटीत येते.

स्थळ कोठले, भूमी कोणती?

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. चित्रीकरण जेथे होते ते एक स्थळ आणि कथा जेथे घडते ते दुसरे. ‘द मॅट्रिक्स’ (१९९९) सिडनीत चित्रित झाला, परंतु त्यातील शहराला सिडनी म्हणून काही अस्तित्व नाही. तेव्हा चित्रीकरणाच्या आधारे त्याला आपल्या अभ्यासात स्थान देणे योग्य ठरणार नाही. याउलट ‘फ्युरी रोड’ (२०१५). हा चित्रपट ब्रोकन हिल येथे करण्याचे ठरले होते. परंतु तेथे अनपेक्षित पाऊस झाला आणि तांबडे माळरान फुलांनी भरून गेले. फुललेल्या जमिनीवर जगाचा अंत कसा दाखवणार? अखेर सारे पथक आफ्रिकेतील नामिबियाला गेले. तरी चित्रपट ऑस्ट्रेलियनच राहिला, कारण पाहण्याची पद्धत ऑस्ट्रेलियन होती. त्यानंतरच्या ‘फ्युरिओसा’साठी (२०२४) चित्रीकरण पुन्हा न्यू साउथ वेल्समध्ये आले.

त्या पावसाचा प्रसंग मला नेहमी बोलका वाटतो. जमीन मेलेली नव्हती. ती पावसाची वाट पाहत होती. चित्रपटाला मेलेली जमीन हवी होती.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पीडी हे गाव या भेदाचे तिसरे रूप दाखवते. १९१५ मध्ये येथे ओपल हे रत्न सापडले. उन्हाळा इतका कडक की लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. भोवताली खाणीतून काढलेल्या मातीचे हजारो पांढरट ढीग. ‘बियाँड थंडरडोम’चे वाळवंट आणि ‘पिच ब्लॅक’चा (२०००) परग्रह येथलाच. गावाचे नाव ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ अशा अर्थाच्या मूलनिवासी शब्दांवरून आले, असे सांगितले जाते. म्हणजे ज्या दृश्याला चित्रपट ‘परग्रह’ म्हणतो, त्याला तेथील लोकांनी आधीच अचूक नाव दिलेले होते.

दुसरी दृष्टी

पीटर विअर यांचा ‘द लास्ट वेव्ह’ (१९७७) हा ‘मॅड मॅक्स’पूर्वीचा, काटेकोर व्याख्येने तो विज्ञानपट ठरेल की नाही याविषयी मतभेद होतील. परंतु आपल्या प्रश्नासाठी तो टाळता येत नाही. माळरानावरच्या एका शाळेवर निरभ्र आकाशातून मोठ्या गारा कोसळतात, अशी त्याची सुरुवात आहे. सिडनीत पाऊस थांबत नाही. एकदा तर काळा पाऊस पडतो. एमू फील्डच्या काळ्या धुक्याची माहिती असलेल्या प्रेक्षकाला हा पाऊस निराळाच वाटतो. करविषयक प्रकरणे हाताळणारा डेव्हिड बर्टन हा गोरा वकील एका खुनाच्या खटल्यात मूलनिवासी तरुणांची बाजू घेतो. खटल्याचा कळीचा मुद्दा असा : सिडनी शहरात टोळीचा कायदा पाळणारे मूलनिवासी आहेत काय? इतर वकिलांच्या मते नाहीत. ते केव्हाच संपले. पाहा, ‘रिकामेपणा’चा वाद येथे थेट न्यायालयात उभा राहतो, आणि तोही वाळवंटाविषयी नव्हे, तर शहराविषयी. चित्रपटाचे उत्तर शहराच्या गटारांखाली, एका प्राचीन पवित्र स्थळी मिळते.

या चित्रपटात डेव्हिड गुलपिलिल आणि ग्रूट आयलंट बेटावरील वडीलधारे नांजिवारा अमागुला यांच्या भूमिका आहेत. विअर यांचा वकील ज्या गोष्टीने हादरतो, तिला इंग्रजीत ‘ड्रीमिंग’ म्हणतात. ‘स्वप्न’ हा मराठी शब्द येथे अपुरा पडतो. पूर्वजांनी भूमीला आकार दिला, त्याबरोबर कायदा दिला, नाती दिली, आणि ते देणे संपलेले नाही, असा त्यात भाव आहे. डोंगर, पाणवठा, वाट ही त्या कायद्याची पाने. अशा भूमीला ‘मोकळी’ म्हणणे म्हणजे अक्षरओळख नसताना ग्रंथाला कोरा म्हणण्यासारखे आहे.

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या ‘अन्टिल द एंड ऑफ द वर्ल्ड’ (१९९१) मध्येही गुलपिलिल आहेत. त्यात भारताचा एक अणुउपग्रह नियंत्रणाबाहेर जाऊन पृथ्वीवर कोसळण्याच्या बेतात आहे. भारतीय प्रेक्षकाने तेवढ्यासाठी तरी हा जवळजवळ पाच तासांचा चित्रपट एकदा पाहावा. बाहेरून आलेला माणूस या भूमीकडे शेवटचा आसरा म्हणून कसा पाहतो, हे त्यात दिसते.

बेन हाउलिंग आणि योलांडा रामके यांचा ‘कार्गो’ (२०१७) मात्र बाजूच बदलतो. फ्लिंडर्स पर्वतरांगांच्या परिसरात साथ पसरली आहे. बाधित माणूस ४८ तासांत हिंस्र प्रेत होतो. बाधा झालेला एक गोरा पिता तान्ह्या मुलीला सुरक्षित हाती सोपवण्यासाठी चालत सुटतो. शहरी माणसे आपापल्या कुंपणांत मरत आहेत. एकजण तर मूलनिवासींना पिंजऱ्यात कोंडून आमिष म्हणून वापरतो. मूलनिवासी मात्र जुन्या रीतीने पुन्हा भूमीवर एकत्र आले आहेत आणि जगत आहेत. थूमी ही लहान मुलगी त्या पित्याला वाट दाखवते. अखेर तान्ही मुलगी पोहोचते ती त्यांच्याकडे. येथे तीच तांबडी जमीन आहे, तेच दूरदृश्य आहे. परंतु डोंगरात धूर दिसला की तो विनाशाचा नसून कोणीतरी आहे याची खूण असतो. १८६१ मधला जॉन किंग आठवतो ना?

मूलनिवासी लेखकांनी हा प्रवाह साहित्यातही पुढे नेला आहे. नूंगार समाजातील क्लेअर कोलमन यांच्या कादंबरीचे नावच ‘टेरा नलियस’ (२०१७) आहे. प्रारंभी ती वसाहतकाळाची कथा वाटते. आक्रमक कोण, हे बरेच पुढे गेल्यावर कळते आणि वाचलेली सारी पाने पुन्हा उलटून पाहावी लागतात. वेल्सचा प्रश्न सव्वाशे वर्षांनी ज्यांच्याविषयी होता त्यांच्याच लेखणीतून परत येतो.

स्वाध्याय

१. ‘मॅड मॅक्स २’मधील बूमरँग आणि ‘कार्गो’मधील धूर या दोन खुणांची तुलना सुमारे दोनशे शब्दांत करा.

२. ‘फ्युरी रोड’ नामिबियात चित्रित होऊनही ऑस्ट्रेलियन ठरतो काय? या घटकातील मत तुम्हांला मान्य नसल्यास तुमची बाजू उदाहरणांसह मांडा.

३. उपक्रम : तुमच्या गावाच्या परिसरातील पड, गायरान किंवा ‘ओसाड माळ’ म्हणून ओळखली जाणारी एखादी जागा निवडा. तेथे वर्षभरात कोण येते, कशासाठी येते, तेथल्या दगडांना, टेकाडांना, पाणवठ्यांना कोणती नावे आहेत, हे तेथे गुरे चारणाऱ्या किंवा सरपण गोळा करणाऱ्या व्यक्तींना विचारून लिहून घ्या. नोंदी संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणाव्यात.